दर कसा? दरेकसा!

रजेच्या अर्जात 'ठिकाण' नावाचा एक रकाना असतो. एरवी मी त्यात 'नेटिव्ह प्लेस' असं ठोकून देतो आणि मोकळा होतो. या वेळी काय सुचलं कोण जाणे, पूर्ण लिहिलं : 'गोंदिया आणि दरेकसा'. पाच मिनिटांत शेजारच्या क्युबिकलमधून मान वर आली. "दर कसा? कशाचा दर?"

झालं. दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या फ्लोअरला कळलं होतं, की हा माणूस 'दर कसा' नावाच्या गावाला चाललाय. एकाने विचारलं, तिकडे फ्लॅटचा दर कसा? दुसऱ्याने विचारलं, कोंबडीचा? मी आपला सांगत राहिलो, की बाबांनो, हे गाव आहे, गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर. पण एकदा कोटी जमली की पुणेकर ऐकतो होय?

खरी गंमत अशी, की प्रश्न बरोबर होता. मी दर काढायलाच निघालो होतो.

हा हिशेब तुम्हीही कधी ना कधी केला असणार. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याला साक्षात्कार झाला, की लॅपटॉप कुठेही चालतो. सांगलीच्या माडीवर, अकोल्याच्या अंगणात, कुठेही. तेव्हापासून प्रत्येक ऑफिसच्या लंच टेबलावर एक तरी इसम असा असतो, जो चपातीचा तुकडा मोडता मोडता सांगतो, "पगार पुण्याचा आणि खर्च गावचा, असं जमलं ना, तर पाच वर्षांत लोन निल!" बाकीचे माना डोलावतात आणि तीन वाजताच्या मीटिंगला जातात. टाइमपास आहे तो. माझा मात्र टाइमपास राहिला नव्हता. बाबा गेल्यापासून आई गोंदियाच्या घरात एकटी असते. वर दोन खोल्या, खाली तीन, मागे विहीर आणि पेरूचं झाड. इकडे पुण्यात टू बीएचके आणि ३८ हजारांचा ईएमआय. एका ब्रोकरने गोंदियाच्या घराला बऱ्यापैकी भाव सांगितला होता. घर विकायचं, कर्जाचा मोठा घास एका फटक्यात फेडायचा आणि आईला पुण्याला आणायचं, हा प्लॅन ए. प्लॅन बी उलटा : आपणच बाडबिस्तरा घेऊन तिकडे जायचं. बायको म्हणाली, "आधी आकडे मांड." आपण ऑफिसवाली माणसं. मी एक्सेल शीट उघडली.

पहिला आकडा सरकारनेच दिला. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात देशातल्या गावांचे तीन वर्ग आहेत : एक्स, वाय आणि झेड. पन्नास लाखांवर लोकसंख्या असली की एक्स, पाच ते पन्नास लाख म्हणजे वाय, आणि उरलेले सगळे झेड. मुंबई-पुणे एक्स, नागपूर वाय, गोंदिया झेड. जानेवारी २०२४ पासून हे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे मूळ पगार ५० हजार असेल तर पुण्यात १५ हजार भाड्यासाठी, गोंदियात पाच हजार. काम तेच, टेबल तेच, फाइल तीच. वरचे दहा हजार फक्त पत्त्याचे. (वर्णमालेतलं शेवटचं अक्षर आपल्या गावाला मिळालं, याचं आईला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "शाळेतही तू मागच्याच बाकावर बसायचास.")

आणि हा आकडा खोटा नाही. आमच्या वरच्या दोन खोल्यांत मागे जे कुटुंब राहायचं, ते चार हजार द्यायचं, तेही कधी पाच तारखेला, कधी वीसला. भाजी घराच्या दारात येते. रिक्षावाला अख्ख्या गावातून फिरवून आणतो आणि पैसे देताना तुम्हालाच लाज वाटते. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर होती. म्हणजे आपल्या एखाद्या पेठा-उपनगरांच्या पट्ट्याएवढंच गाव. सकाळी सायकलवर निघालात तर ऑफिसला (असलंच तर) पंधरा मिनिटांत पोहोचाल.

गोंदिया हे काही पुराणातलं शहर नाही. ते रेल्वेने घडवलेलं गाव आहे. गोंद म्हणजे डिंक, त्याच्या व्यापारावरून नाव पडलं असं सांगतात. कुणी ते गोंडांशी जोडतं. पण वाढलं ते स्टेशनभोवती. भात, तेंदूपत्ता आणि विड्या हा इथला धंदा. राइस मिलच्या भोंग्यावर आणि कोंड्याच्या वासावर आमचं बालपण गेलं. १९५६पर्यंत हा भाग मध्य प्रदेशातला, मग मुंबई राज्यातला, १९६०पासून महाराष्ट्रातला. १ मे १९९९ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून येते आणि इथे संपते. एकाच राज्याच्या आत इतकी लांब धावणारी दुसरी गाडी देशात नाही. पुण्याहून बसलात तर वीसेक तास. तेवढ्या वेळात लोक विमानाने न्यूयॉर्कला पोहोचतात, हे मला बायकोने दर वर्षी ऐकवलेलं आहे.

तर शीटचा डावा कॉलम झकास भरत गेला. भाडं, भाजी, दूध, कामवाली, रिक्षा : सगळीकडे हिरवा रंग. मग उजवा कॉलम उघडला आणि रंग बदलायला लागला.

पेट्रोल पुण्यापेक्षा स्वस्त नाही, उलट काही रुपयांनी महागच. टँकर लांबून येतो ना! छत्तीसगडात लिटरमागे कमी पडतं, म्हणून पलीकडे काही काम निघालं की लोक टाकी फुल करूनच परततात. मोबाइलचं रिचार्ज, फ्रिज, लॅपटॉप, चारचाकीचा हप्ता, औषधं हे सगळं देशभर एकाच भावाचं. ऑनलाइन मागवलं तर उशिरा येतं, एवढाच फरक. २०१६ला गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तरी जरा काही गंभीर झालं की अजूनही पहिला शब्द निघतो तो 'नागपूर'. १३० किलोमीटर. बाबांच्या वेळी त्या १३० किलोमीटरचा खर्च आम्ही केलेला आहे, त्यामुळे तो रकाना मी आकडा न लिहिताच सोडला. विमानतळ आहे, बिरसीचा, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला. तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. प्रवासी विमान २०२२च्या मार्चमध्ये आलं, पुढे बंद पडलं, मग डिसेंबर २०२३ला दुसऱ्या कंपनीचं हैदराबादला सुरू झालं. आमच्या लहानपणी डोक्यावरून विमानं जायची आणि आम्ही हात हलवायचो. त्यात बसून कुठे जाता येतं, हे कळायला गावाला ऐंशी वर्षं लागली.

एकूण बेरीज तरीही प्लॅन बीच्या बाजूने होती. मी आईला शीट दाखवली. तिने चष्मा लावून खालपासून वरपर्यंत पाहिली, आणि म्हणाली, "छान आहे. उद्या मामा दरेकसाला चाललाय. जाऊन ये त्याच्याबरोबर. हाजराला पाणी असेल."

मामा रेल्वेतून रिटायर झालेला. आयुष्य याच लाइनवर गेलं. घरात बसवत नाही, म्हणून काही ना काही निमित्त काढून गाडीत बसतो. सकाळची मेमू. तिकीट एवढं, की पुण्यात त्यात चहाही येत नाही. गुदमा, आमगाव, धानौली, सालेकसा. सप्टेंबरचा शेवट होता, धान कमरेपर्यंत आलेलं, बांधांवर पाणी, मधूनच एखादा मालगुजारी तलाव. इकडे तळी इतकी, की त्याचं कुणाला कौतुक नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी पाहायचा असेल तर तो याच भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत. मी मान लांब करून बसलो होतो. दिसला नाही. बगळे दिसले. मामा म्हणाला, "सारस पाहाले सूट घालून आला का तू?" (मी फॉर्मल शर्ट घातला होता. सवय.)

सालेकसा सुटलं की सपाटी संपते. दोन्ही बाजूंनी डोंगर आत येतात. साग, ऐन, मोह, बांबू. गाडी वळण घेते आणि झाडांच्या फटीतून क्षणभर एक पांढरी रेघ दिसते, तो हाजरा फॉल. डब्यातले सगळे एका खिडकीकडे झुकतात. रोज जाणारेसुद्धा. मग दरेकसा येतं. लहान स्टेशन, दोन बाकं, एक कुत्रा. आझाद हिंद, गीतांजली, हावडा मेल इथून धडधडत निघून जातात. पुण्याहून कोलकात्याला जाताना तुम्ही इथून झोपेत गेला असाल. पुढे बोगदा, मग बोरतलाव, आणि राज्य बदललं.

ही लाइन इथे का आली, हा मामाचा आवडता विषय. छत्तीसगडचं धान्य नागपूरच्या बाजाराला हवं होतं, म्हणून. नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटरगेज रूळ आधी पूर्ण झाले. १८८७ला बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ते घेतले, ब्रॉडगेज केले आणि १८९१ला पार आसनसोलपर्यंत नेऊन भिडवले. बी. एन. आर. या अक्षरांचा अर्थ प्रवाशांनी 'बी नेव्हर रेग्युलर' असा लावला होता. मामा ही कोटी मला तिसाव्यांदा सांगून तितकाच हसला. "पण आयक," तो म्हणाला, "डोंगर फोडून बोगदा काढला तं तो इथल्या मानसासाठी नाई. तिकडचं धान इकडे न्याले. गाडी थांबली, ते नंतर. तेबी सगळी नाई थांबत."

स्टेशनवरून आम्ही चालतच हाजराला गेलो. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे धबधबा अगदी रंगात होता. गावातली पोरंपोरी गेटवर तिकिटं फाडतात, पार्किंग बघतात, कचरा उचलायला लावतात. रविवारी नागपूर, बालाघाट, राजनांदगावहून गाड्या येतात. आम्ही गेलो तो मंगळवार, त्यामुळे धबधबा आम्हा दोघांना आणि एका शाळेच्या सहलीला. तुषार अंगावर घेत मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. मोबाइलला रेंज नव्हती. पुण्यात याच अनुभवाला 'डिजिटल डिटॉक्स रिट्रीट' म्हणतात आणि दोन रात्रींचे १८ हजार घेतात.

मी ते मामाला सांगितलं. त्याला विनोद कळला, पण तो हसला नाही. म्हणाला, "इथं फुकटात भेटते ते काहून, माहीत हाय का?"

परतताना एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याची चार एकर धानाची शेती. मी गप्पांच्या ओघात, अगदी माझ्या शीटसाठी म्हणून, विचारलं की धानाला दर कसा मिळतो. (हो, हाच प्रश्न. ऑफिसातल्यांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.) साध्या धानाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. शंभर किलो धान भरडलं की सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ निघतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागून पाहिलं : किलोला ३५ रुपये आणि काही पैसे. त्यात नांगरणी, रोवणी, खत, कापणी, मळणी. आणि पाऊस नेमका लोंबी भरताना आला तर काहीच नाही. पुण्यात मी जो तांदूळ घेतो, त्यावर ८० रुपयांच्या खालचा आकडा मी गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलेला नाही. तांदूळ वेगळा, पॉलिश वेगळं, पिशवी चकचकीत, सगळं मान्य. पण मधले ४५ रुपये या चहाच्या टपरीपर्यंत येत नाहीत, हेही तितकंच खरं.

धान निघालं की इथे दुसरं मोठं काम जंगलातलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची. मे महिन्यात, ऊन डोक्यावर यायच्या आत, तेंदूची पानं तोडायची, आणि दुपारभर अंगणात बसून ७० पानांचा एक असे पुडे बांधायचे. पैसे शेकड्याने मिळतात. वाघ-अस्वलाची भीती त्यात धरत नाहीत. आणि रोजगार हमी? २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला तिचा दर होता दिवसाला ३१२ रुपये.

मी चहाचे पैसे दिले. दोन कप, वीस रुपये. माझ्या शीटच्या डाव्या कॉलममध्ये 'चहा' या ओळीत हिरवा रंग होता.

तिथे मला पहिल्यांदा त्या हिरव्या रंगाची जरा लाज वाटली. गोंदियात कामवाली स्वस्त, भाजी स्वस्त, रिक्षा स्वस्त, असं मी ऐटीत लिहिलं होतं. म्हणजे दुसऱ्या टोकाला कोण होतं? जी बाई आईकडे भांडी घासते, ती. जो भाजी आणून देतो, तो. त्यांचाही मोबाइल रिचार्ज माझ्याच भावाचा, पोराच्या क्लासची फी, नागपूरला नेण्याची अ‍ॅम्ब्युलन्स, सगळं माझ्याच भावाचं. विकत घेताना त्यांना देशाचा दर आणि विकताना गावाचा. मी मात्र कमावणार पुण्याच्या दराने आणि खर्चणार त्यांच्या. प्लॅन बीचा सगळा नफा या एका फटीत होता. वाईट आहे का हे? माहीत नाही. दुबईला राहून केरळात घर बांधणारे हेच करतात आणि आपण त्यांना मेहनती म्हणतो. पण शीटमध्ये ती फट दिसत नव्हती, टपरीवर दिसली.

सरकारलाही हे गाव नेमकं किती रुपयांचं, ते ठरवता आलेलं नाही. एकीकडे घरभाड्याला झेड, म्हणजे स्वस्त. दुसरीकडे २००२चा राज्याचा शासन निर्णय आहे, की आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी द्यायची. वर प्रोत्साहन भत्ता, मूळ पगाराच्या १५ टक्के, पण जास्तीत जास्त १५०० रुपये. म्हणजे राहायला स्वस्त, पण तिथे माणूस टिकवायचा तर पैसे मोजावे लागतात. एकाच गावाचे दोन दर. मामा म्हणतो, "पंधराशे रुपयाची भीती."

भीतीचं म्हणाल तर दरेकसा हे नाव वर्षानुवर्षं पेपरात यायचं ते 'दलम' या शब्दाला चिकटूनच. दरेकसा दलम. नागपूरच्या कॉलेजात मी गावाचं नाव सांगितलं की समोरचा एक पाऊल मागे सरायचा. संध्याकाळी सातनंतर आमच्या नातेवाइकांपैकी कुणी इकडच्या रस्त्याला लागत नसे. आमच्या या फेरीनंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस, महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड भागाच्या माओवादी प्रवक्त्यासह ११ जणांनी गोंदिया जिल्ह्यात शस्त्रं खाली ठेवली. मामाने मला फोन करून बातमी वाचून दाखवली, आणि लगेच म्हणाला, "आता जमिनीचे भाव चढतीन पाय." माणूस रेल्वेतला असला तरी मार्केट कळतं त्याला.

टपरीवरून आम्ही धनेगावच्या रस्त्याला लागलो. पुढे जंगलातून वर चढलं की कचारगडची गुहा. वाट निसरडी होती आणि मामाचा गुडघा ऐकत नव्हता, त्यामुळे वर गेलो नाही. पायथ्याशी बसून गोष्ट मात्र ऐकली. गोंडांचा कोया पुनेम धर्म इथून सुरू झाला असं मानतात. काली कंकाली मातेची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. दारावर शिळा. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांना सोडवायचं ठरवलं, पण शिळा हलेना. हिरासुका पाटालीर या वादकाने वाद्य वाजवलं, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, मुलं बाहेर आली. हिरासुका त्याच शिळेखाली सापडून गेला. लिंगोने पुढे त्या मुलांपासून गोत्रांची, सगांची व्यवस्था लावली. माघ पौर्णिमेला इथे लोक येतात ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून. पाय ठेवायला जागा नसते. एरवी ज्या स्टेशनवर एक कुत्रा झोपलेला असतो, तिथे त्या दिवसांत डबे ओसंडतात.

आणि ही यात्रा आज दिसते त्या रूपात फार जुनी नाही, हे मला तिथे बसून कळलं. गुहा पुरातन आहे, श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पण विखुरलेल्या लोकांना पुन्हा इथे आणायचं काम १९८०च्या दशकात मूठभर माणसांनी केलं. त्यातलं एक नाव डॉ. मोतीरावण कंगाली यांचं. गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक, २०१५ला गेले. हे गृहस्थ नोकरी कुठे करत होते, तर नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत! म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे, टेबल-खुर्चीवाले, महिन्याच्या पगारावरचे. सुट्टीत आपण सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खातो आणि सोमवारी फोटो टाकतो. हा माणूस देशाच्या नोटांच्या ऑफिसात बसायचा आणि मोकळ्या वेळात आपल्या लोकांची हरवलेली गोष्ट गोळा करायचा. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, हे त्यांचं म्हणणं बऱ्याच तज्ज्ञांना पटलेलं नाही. माघ पौर्णिमेची गर्दी मात्र कुणालाही मोजता येते.

मी त्या पायथ्याशी बसून आणखी एक हिशेब केला, शीटमध्ये न बसणारा. घर विकलं, तर मी इथे कुठला म्हणून येणार? हॉटेलात उतरून? मामा आहे तोवर ठीक. मग 'नेटिव्ह प्लेस' या रकान्यात काय लिहायचं?

परतीची मेमू अर्थातच लेट. (बी नेव्हर रेग्युलर. मामाने एकतिसाव्यांदा.) दरेकसाच्या बाकावर आम्ही सव्वा तास बसलो. एकापाठोपाठ दोन मालगाड्या गेल्या, मग एक एक्स्प्रेस, एसी डब्याच्या काळ्या काचा, आत कुणी दिसत नव्हतं. मामा म्हणाला, "तू इथं राहाले आला तं आम्हाले बरंच वाटन. पन स्वस्त हाय म्हनून नको येऊ बाप्पा. स्वस्ताईवर आलेला मानूस महागाई झाली का पळते."

आमगाव आलं तशी रेंज आली. फोन थरथरायला लागला. ब्रोकरचे तीन मिस्ड कॉल, बॉसचे दोन, आणि बायकोचा मेसेज : 'काय ठरलं? शीट अपडेट कर.' ब्रोकरला मी गाडीतून फोन लावला नाही. खूप आवाज होता, हे एक कारण. त्यापेक्षा बरं कारण गोंदिया येईपर्यंत सापडेल असं वाटलं.

घरी पोहोचलो तर वरच्या खोल्यांच्या खिडक्या सताड उघड्या. जिन्यावरून पाणी ओघळत होतं. आई पदर खोचून, कामवाल्या मावशींना बरोबर घेऊन फरशी घासत होती. गेल्या दीड वर्षात त्या खोल्यांचं कुलूप निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

"हे काय?"

"मेडिकलच्या दोन मुली आल्या होत्या सकाळी. एक लातूरची, एक चंद्रपूरची. हॉस्टेलला जागा नाही म्हणाल्या. एक तारखेपासून येतो म्हणाल्या." तिने फडकं पिळलं. "मी हो म्हटलंय."

"आणि तो ब्रोकर?"

"तो दुपारी आला होता. त्याला चहा दिला."

मी दारातच उभा. बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये शीट, शीटमध्ये प्लॅन ए आणि प्लॅन बी. आईने हा तिसरा कॉलम कधी काढला, मला पत्ता नव्हता. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बरं झालं आलास. त्या मुलींना भाडं अजून सांगितलेलं नाही. मागचे चार हजार द्यायचे. तू एवढे आकडे मांडून बसलायस, तर सांग बघू, दर कसा ठेवू?"